महाबाहूंची मडगार्डं

२ फेब्रुवारी

आज शेडच्या दारावर पाटी लावली. 'येथे प्लॅस्टिकच्या वस्तू जोडून मिळतील.' ही स्टूल धरून उभी होती. मान वर करून वाचलं आणि म्हणाली, "ऱ्हस्वदीर्घ बरोबर आहे. आता गिऱ्हाईक आलं की झालं."

अर्धं आयुष्य वर्तमानपत्राचा वार्ताहर म्हणून घालवल्यावर माणसाने प्लॅस्टिक जोडावं, यात हसण्यासारखं काही नाही. तेव्हाही तुटलेलंच गोळा करत होतो. फरक इतकाच, की तेव्हा जोडायची जबाबदारी माझी नव्हती.

नव्या धंद्याच्या पहिल्या दिवशी माणूस काहीतरी शुभ बोलतो. मी एक प्रतिज्ञा लिहून ठेवतो: महाबाहूला मी सोडणार नाही.

महाबाहू म्हणजे माझा साडू, हिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. दंड खरोखरच मांडीएवढे आहेत आणि डोकं त्यांच्या मानाने बेतशीर. दगडाच्या जुन्या खाणीत त्याने चारचाकी बाइकचा ट्रॅक काढलाय. हौशी माणसं येतात, हेल्मेट घालतात, चिखलातून, दगडांवरून, चढांवरून गाडी उडवतात आणि अंग ठेचून आनंदाने घरी जातात. गेल्या वर्षी तिथे एका शाळेतल्या बाईंचं खांद्याचं हाड मोडलं. मी बातमी दिली की मोठ्या चढावर गाडी मागे उलटते, चढ धोक्याचा आहे. महाबाहू थेट संपादकांकडे गेला. बाईंना गाडी चालवता येत नव्हती, आणि वार्ताहर नातेवाईक असून आमच्यावर जळतो, असं सांगून आला. तिसऱ्या दिवशी खुलासा छापून आला: 'सदर वृत्त वैयक्तिक आकसातून दिले गेल्याचे दिसते.' त्यानंतर माझा एकही शब्द छापला गेला नाही.

वैयक्तिक आकस! तोवर मला त्याच्याविषयी आकस नव्हता, नुसता कंटाळा होता. आकस त्यांनी छापला. छापलेलं खोटं ठरू नये म्हणून मी तो बाळगला.

६ फेब्रुवारी

एक बादली, एक खुर्ची, धुलाई यंत्राचं एक झाकण. बादली जोडताना अंगठा भाजला.

ही विद्या वाटते तितकी क्षुद्र नाही. भेग जिथे संपते तिथे आधी बारीक भोक पाडायचं, नाहीतर वरून जोडलं तरी भेग आतून चालत राहते. मग भेगेच्या कडा कोरून पन्हळ करायची आणि गरम हवेच्या गनने प्लॅस्टिकची कांडी वितळवत तीत बसवायची. मुख्य गोष्ट अशी, की कांडी त्याच कुळातली हवी. वस्तूच्या पोटाशी बारीक अक्षरांत कूळ लिहिलेलं असतं. भिन्न कुळांचं लग्नही लागतं, फोटोसुद्धा छान येतो; पण पहिल्या धक्क्याला काडीमोड.

१० फेब्रुवारी

गिऱ्हाईक नाही.

दुपारी घरात गेलो तर ही फोनवर. मला पाहून आवाज एकदम उतरला. "कुणाशी?" म्हटलं. "धाकटीशी. स्वेटरचे टाके विचारत होते." स्वेटरच्या टाक्यांत माझा उल्लेख कसा काय येत होता, ते विचारलं नाही. दोघी बहिणी मिळून माझी कीव करत असणार. शत्रूच्या घरी आपली कीव व्हावी, याहून खालचं पद नाही.

१३ फेब्रुवारी

कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते, हे ऐकून होतो. आज पाहिलं. फांदीवर माझा साडू होता.

ट्रॅकवरचा मिस्त्री टेम्पो घेऊन आला. मागे दोन लाल मडगार्डं, दोन्ही तडकलेली.

"गुरुजी, साहेबांनी पाठवलंय. आणखीही आहेत, दोन-दोन करून आणतो. जोड दिसता कामा नये म्हणालेत."

"तुझ्या साहेबांना या शेडचा पत्ता माहीत आहे?"

"त्यांनीच सांगितला की."

मार्चच्या पहिल्या रविवारी ट्रॅकचं नव्याने उद्घाटन आहे. चढ आणखी उंच केलाय. तोवर गाड्या झाकून ठेवणार. प्रमुख पाहुणे कोण? संपादक महाशय! पहिली फेरीही तेच मारणार.

मिस्त्री गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि एकटाच हसलो. शेजारचा कुत्रा भुंकला.

१४ फेब्रुवारी

मडगार्ड उलटं करून पोटावरची अक्षरं वाचली. कूळ समजलं. मग फळीवरून मुद्दाम दुसऱ्या कुळाची कांडी काढली, रंग मात्र अगदी तोच लाल. शेवटचं भोक पाडलं नाही. कडा कोरल्या, कांडी भरली, गार झाल्यावर घासून सपाट केली, वरून गनची हलकी धग दिली. असं चकाकलं की मलाच क्षणभर अभिमान वाटला. वाईट काम इतक्या मनापासून मी आयुष्यात केलं नव्हतं.

सूड असा: उद्घाटनाला गाडी दगडांवर चढेल, जोड सुटेल, मडगार्ड चाकावर लोंबेल आणि महाबाहूंची शोभा भर पाहुण्यांत जमिनीवर येईल. संपादक नखशिखान्त चिखलात. कुणाला इजा होईल का, याचा विचार केला. मडगार्डाचं काम चिखल अडवणं; ते पडलं तर चिखलच उडेल. हा युक्तिवाद मी दोनदा तपासला. एकदा पुरला असता, पण दुसऱ्यांदा तपासावासा वाटला, ही गोष्ट लिहून ठेवतो.

१८ फेब्रुवारी

मिस्त्री आणखी दोन घेऊन आला. टेम्पो दुसराच कुणी चालवत होता, कारण याचा उजवा हात गळ्यात.

"हे काय रे?"

"जिन्यावरून पडलो."

"काल की परवा?"

"परवा. म्हणजे काल." मग इकडेतिकडे पाहून, "गुरुजी, भेगा नीट बघितल्यात ना?"

"भेगा बघूनच पोट भरतोय बाबा."

"तसं नाही... भेग कुठं पडलीय, कशी पडलीय, ते..."

"मला शिकवतोस?"

"छे छे," म्हणाला आणि गेला. त्याचं घर बैठं आहे, माझ्या माहितीत. जिना कुणाचा ते त्यालाच ठाऊक. बायकोशी भांडला असेल.

आजच्या दोन्ही भेगा मागच्या उजव्या कोपऱ्यात. आधीच्या दोन्हीही तिथेच. वर सामान ठेवायच्या कठड्याची नळी दाबून बसल्याचा वळ. महाबाहूच्या गाड्यांना एकाच बाजूला आपटायची खोड दिसते. मालकाचे गुण, दुसरं काय!

घासता घासता ते वळही नाहीसे केले. कामात खोट नको.

२१ फेब्रुवारी

आज स्वतः महाबाहू अवतरला. शेडमधली सगळ्यात मजबूत खुर्ची शोधून तीत बसला. मीच जोडलेली होती. दुर्दैवाने नीट जोडलेली.

"काय पंडित! विद्या बदललीत?"

"विद्या तीच. विषय बदलला."

त्याने तयार मडगार्डावरून अंगठा फिरवला. मी श्वास धरून बसलो. "व्वा! कळतसुद्धा नाही कुठं तुटलं होतं. बाहेर वर्कशॉपला देता आलं असतं. पण म्हटलं, घरचं काम घरात राहिलेलं बरं."

"उपकार झाले."

"अहो, उपकार कसले! आमची ही म्हणाली घरी, भावोजींकडे द्या, मन रमेल त्यांचं." मग डोळे बारीक करून, "अजून लिहिता का काही?"

"रोजनिशी."

"छापू नका म्हणजे झालं." आणि असा हसला की फळीवरच्या कांड्या हलल्या.

ही चहा घेऊन आली. त्याला पाहुण्यांचा कप, मला टवका गेलेला. वर त्याला म्हणते, "फार बरं केलंत हो." काय बरं केलं? मला देशोधडीला लावलं, ते? रात्री जेवताना मी बोललो नाही. तिनेही कारण विचारलं नाही, म्हणून आणखी बोललो नाही.

आता दया नाही. पाचव्या मडगार्डाला कांडी निम्मीच भरीन.

२५ फेब्रुवारी

काल शेवटची दोन आली. पाचवं सकाळी उरकलं.

सहाव्याची भेग ताजी होती, कडा पांढऱ्या फटक. पाठीवर थापलेली माती, तीत मुळांसकट गवत. मडगार्डाच्या वरच्या अंगाला गवत कसं अडकेल? गाडी घासली असेल बांधावर, म्हणून धुवायला घेतलं. मागून जोडायला जमिनीवर उताणं ठेवलं आणि कडा जुळाव्यात म्हणून दाबलं. जुळेना. आडवं दाबलं, खालून दाबलं. शेवटी उलटं करून, मागच्या उजव्या कोपऱ्यावर वरून सगळा भार टाकला तेव्हा भेग फाकली, जशी तुटताना फाकली असेल अगदी तशी, आणि कठड्याचा वळ जागच्या जागी बसला.

म्हणजे गाडी आपटली नव्हती. चढावर मागे उलटली होती, आणि आपल्या पाठीवर पडली होती, उजव्या कोपऱ्यावर.

त्या शाळेतल्या बाई इस्पितळात मला म्हणाल्या होत्या, "गाडी मागे आली हो, माझ्या उजव्या खांद्यावर." ते वाक्य मी छापलं होतं. त्याच वाक्याला आकस म्हणाले होते.

शितावरून भाताची परीक्षा करावी, असं शास्त्र आहे. माझ्या हातात एकामागून एक सहा शितं आली. मी काय केलं? शितं घासूनपुसून पुन्हा तांदूळ केला! माझ्याच बातमीचा पुरावा मी माझ्याच हाताने पॉलिश पेपरने गुळगुळीत केला, वर धग देऊन चकाकवला. सूड घ्यायच्या नादात. जगात मूर्ख पुष्कळ असतील. पण एवढी सफाई थोड्यांच्या हातात असेल.

२६ फेब्रुवारी

मिस्त्रीच्या घरी गेलो. घर बैठंच आहे.

"जिना कुठाय?" मी विचारलं.

त्याची बायको आतून म्हणाली, "सांगा की आता. अजून कुणाकुणासाठी हात मोडून घेणार आहात?"

मग बोलला. नव्या चढाची चाचणी घेताना गाडी त्याच्यावर आली. आधीच्या पाचही तशाच उलटलेल्या, कुणी ना कुणी खरचटलेलं. बाहेरच्या वर्कशॉपवाल्याने पहिलं मडगार्ड बघताक्षणी विचारलं होतं, गाडी उलटली का? म्हणून तिथून परत आणलं.

"आणि माझ्याकडे का पाठवलं?"

"राहू द्या गुरुजी."

"बोल."

"घरी वैनी मागं लागल्या होत्या, तुम्हाला काम द्या म्हणून. साहेब आधी नाही म्हणाले. मग म्हणाले, बरंच झालं की. त्याला भेग दिसेल, पण ती कशी पडली ते दिसायचं नाही. पुस्तकी माणूस."

खुलासा छापून आला त्या दिवशीही इतकं झोंबलं नव्हतं. कारण तो खोटा होता. हे पाच मडगार्डांपुरतं खरं होतं.

२७ फेब्रुवारी

दिवसभर एकच विचार. मी काहीच केलं नाही, तर?

रविवारी संपादक गाडीवर बसतील. चढ आणखी उंच झालाय. गाडी उलटेल. ज्याने मला खोटं ठरवलं, तो माझ्या खऱ्या बातमीखाली सापडेल. साक्षीला गाव. मला बोटसुद्धा हलवायला नको. इतका सुबक सूड मला स्वतःला रचता आला नसता.

खोटं कशाला लिहू, दुपारपर्यंत हा विचार गोड लागत होता. जेवताना हिने दोनदा विचारलं, "एकटेच का हसताय?"

मग एक व्यावहारिक अडचण लक्षात आली. खाली सापडलेल्या संपादकाकडून खुलासा कसा छापून घेणार? शिवाय त्या बाईंचा खांदा आठवला. प्लास्टरच्या कडेला कुणा विद्यार्थिनीने निळ्या पेनने फूल काढलं होतं. त्या आठवणीनंतर जेवण गेलं नाही.

पण पुरावा? पाच मडगार्डं चकाचक. मी 'आतून तुटलेली आहेत हो' म्हणून ओरडलो, तर महाबाहू दुसरा आकस छापून आणील.

संध्याकाळी फळीवर उरलेल्या परकुळाच्या कांडीकडे पाहत बसलो आणि टाळी वाजवली. जोड बसलेलाच नाही! वितळून शेजारी झोपलाय, एकजीव झालेला नाही. नख लावलं तर सालीसारखा निघेल, आणि खाली भेग असेल. वळ पुसले, पण भेगेची जागा कोण पुसणार? आयुष्यातल्या माझ्या सर्वांत वाईट कामाने माझी लाज राखली. नीट जोडलं असतं तर मेलो असतो.

१ मार्च

सविस्तर लिहितो, कारण हे वाचताना म्हातारपणी मजा येणार आहे.

सहा गाड्या ओळीने उभ्या, पुढे फीत. सहाव्या गाडीला मडगार्ड नव्हतं. ते माझ्या काखेत होतं, तुटलेलं. महाबाहूने लांबून पाहिलं आणि पाहुण्यांसमोर हात पसरले. "या या पंडित! हे आमचे साडू. सगळी कारागिरी यांची. अहो, ते जोडायचं राहिलं की काय?"

"राहिलं नाही. ठेवलं."

संपादक हेल्मेट चढवत होते. त्यांनी मला ओळखून न ओळखल्यासारखं केलं. मी पहिल्या गाडीपाशी गेलो, पत्र्याची पातळ पट्टी जोडात सारली आणि ओढली. लाल साल अखंड निघाली. खाली भेग. दुसरी गाडी. साल, भेग. लोक पुढे सरकले. तिसरी.

"अहो, काय चाललंय काय?" महाबाहूचा आवाज चिरकला. "पिसाळलात का?"

"कारागिरी दाखवतोय." चौथी. पाचवी निम्मीच भरलेली होती, ती तर फुंकरीने निघाली असती.

मग मी संपादकांना म्हणालो, "प्रत्येक गाडीची भेग कुठं आहे ते बघा. मागे, उजवीकडे. सहाही. आता गाडी कशी पडली की इथं तुटेल, ते सांगा." काखेतलं मडगार्ड पालथं घातलं. "महाबाहू, या. तुमच्याएवढा जोर माझ्यात नाही. कोपरा वरून दाबा."

तो हलला नाही. त्याच्याऐवजी मिस्त्री आला, डाव्या हाताने दाबलं. भेग आ वासून उघडली. "अशी," तो म्हणाला, "माझ्या अंगावर."

संपादकांनी हळूच हेल्मेट काढलं. कपाळावर त्याची गोल खूण उमटली होती.

"तुम्हाला हे ठाऊक होतं?" त्यांनी महाबाहूला विचारलं.

"अहो, दगडाधोंड्याचा खेळ आहे, थोडंफार..."

"मला बसवणार होतात तुम्ही. पहिल्या फेरीला."

महाबाहूचे ते मांडीएवढे दंड दोन्ही बाजूंना लोंबत राहिले. वर्षभर मी हे दृश्य मनात रंगवलं होतं. रंगवलं होतं त्याहून सरस निघालं. मला वाईट वाटलं नाही. वाटतंय का म्हणून थोडा वेळ थांबूनही पाहिलं.

निघताना मेहुणी आडवी आली. डोळे लाल. "भावोजी, ताईनं सांगितलं म्हणून मी यांना भरीस... मला वाटलं होतं, तुम्हा दोघांचं..." पुढे बोलवेना. ताईचा यात काय संबंध? रडताना माणसाचं वाक्य भरकटतं. मी "बरं बरं" म्हणालो आणि आलो.

४ मार्च

छापून आलं. चढ बंद. खाली दोन ओळी: 'यापूर्वीचे आमचे वृत्त वस्तुस्थितीला धरून होते.' माझं नाव नाही. जागा गाद्यांच्या जाहिरातीखाली. चार वेळा वाचलं.

हिला दाखवलं. तिने चष्मा न लावताच "छान" म्हटलं. "धाकटी फोन उचलत नाही," म्हणाली.

"त्यात तू काय केलंस? भांडण आमचं."

"काही नाही केलं. टाके मोजत होते," म्हणाली आणि आत गेली. हल्ली तिचं बोलणं कळत नाही. विजयाच्या दिवशी माणसाला टवका गेलेला कप मिळावा, हेही कळलं नाही.

त्या शाळेतल्या बाईंनी मात्र फोन केला. "खांदा अजून दुखतो," म्हणाल्या, "पण आज कमी."

११ मार्च

संध्याकाळी महाबाहू आला. एकटा. टेम्पोतून सहा मडगार्डं स्वतः उतरवली. चढ खणून सपाट करतोय, दोन दिवसांपासून यंत्र चालू आहे, असं जमिनीकडे बघत सांगितलं. वर्कशॉपवाल्यांनी त्याला दारातून परत पाठवलं होतं, हे सांगितलं नाही; मिस्त्रीकडून मला ते आधीच कळलं होतं.

"नीट लावून द्याल का?" तो म्हणाला. पंडित म्हणाला नाही.

ही दारात येऊन उभी राहिली होती. मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती, आणि या एवढ्या वर्षांत तिने माझ्याकडे काही मागितलेलं आठवत नाही, पण तेव्हा मागत होती.

"धरा," मी त्याला म्हटलं. "घट्ट. हलवायचं नाही."

त्याने दोन्ही हातांनी मडगार्ड धरलं. मी भेगेच्या टोकाशी भोक पाडलं, कडा कोरल्या. या वेळी कांडी योग्य कुळाची काढली. हा जोड शंभर दगडांवर आपटला तरी सुटणार नाही. गनची धग त्याच्या बोटांपर्यंत जात होती. तो हलला नाही. मीही घाई केली नाही. आत कपबशीचा आवाज झाला.

लाल मडगार्डावर काळीकुट्ट रेघ उमटत चालली. भुवईवरच्या जखमेसारखी, लांबूनही दिसेल अशी. त्या ट्रॅकवर येणारा प्रत्येक माणूस ती बघणार आणि विचारणार.

महाबाहू न राहवून म्हणाला, "यात लाल नाही का मिळत?"

"मिळते," मी म्हणालो, आणि दुसरी काळी कांडी घेतली.